छोटा स्पीकर पारखताना: काय करावे, काय टाळावे

तळहातावर मावणारा, हजार ते तीन हजार रुपयांतला ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा म्हटले की गिऱ्हाईक खोक्यावरचे आकडे वाचत बसते आणि दुकानदार एखादे धडधडते गाणे लावून ‘बास बघा, बास’ म्हणतो. दोन्हींतून हाती फारसे काही लागत नाही. एवढ्याशा डब्याला खरा खर्ज झेपतच नाही. त्याला झेपतो तो माणसाचा गळा. म्हणून पारख करायची ती गळ्यावर, ओळखीच्या आवाजावर, आणि घरी जेवढ्या मोठ्याने ऐकणार तेवढ्याच मोठ्याने. बाकी सगळे त्यानंतर.

घरून निघण्याआधी

करा: आधी काम ठरवा. ओट्याशी पोळ्या लाटताना बातम्या ऐकायच्या आहेत, रियाजाला तानपुरा लावायचा आहे, गॅलरीत जुनी गाणी हवीत, की शिकवणीच्या वर्गात इंग्रजीचे धडे ऐकवायचे आहेत? बातम्यांना स्पष्ट उच्चार हवेत, बॅटरी थोडी कमी असली तरी भागते, कारण चार्जर हाताशीच असतो. रियाजाला तासभर न तुटणारा, एकसारखा आवाज हवा. वर्गात तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायला हवा. गच्चीवर वीसेक जणांना नाचवायचे असेल, तर या वर्गातला कुठलाच स्पीकर घेऊ नका. पैसे साठवा आणि मोठा घ्या.

करा: आजी-आजोबांसाठी घेत असाल तर फोनशिवाय काय काय चालते ते बघा. मेमरी कार्डाची खाच आहे का, कार्डावरची गाणी पुढेमागे करायची बटणे ठसठशीत आहेत का, एफएम आहे का. सारेगामा कंपनीचा कारवाँ हा गाणी आधीच भरलेला स्पीकर २०१७मध्ये आला आणि चालला तो याच गरजेवर. छोट्या स्पीकरमधला एफएम बहुधा चार्जिंगची वायर लावल्यावरच नीट लागतो, कारण ती वायरच एरियलचे काम करते. शिवाय त्यावर फक्त एफएमवरची केंद्रे लागतात, आकाशवाणीची मध्यम लहरींवरची केंद्रे लागत नाहीत. आजोबांचे आवडते केंद्र कोणत्या लहरीवर आहे, हे त्यांनाच विचारा. त्यांना पाठ असते.

टाळा: वॅटच्या आकड्यावर भाळणे. टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’च्या नावाखाली शेकड्यांनी वॅट छापले जायचे तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे कानाला फरक जाणवतो एवढेच. तोच आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी दहापट वॅट लागतात. पाच वॅट आणि दहा वॅट यांतली दरी खोक्यावर दिसते तेवढी कानाला ऐकू येत नाही. आतला आवाज काढणारा पडदा किती चांगला आहे आणि डबा किती घट्ट बांधला आहे, यावर ती भरून निघते किंवा उलटतेसुद्धा. जेबीएलच्या गो ३वर कंपनीने दिलेला आकडा ४.२ वॅट आहे. शेजारी ‘१६ वॅट’ लिहिलेला अनोळखी डबा असेल तर दोन्ही वाजवा आणि कोणता सरस ते कानाने ठरवा. आकडा बघायचाच असेल तर त्याच्यापुढे ‘आरएमएस’, म्हणजे सलग पेलवणारी ताकद, असे लिहिले आहे का एवढे बघा.

करा: वजन आणि पडद्याचा व्यास मात्र जरूर बघा. हे दोन आकडे सहसा फसवत नाहीत. या किमतीत पडदा बहुधा ४० ते ५० मिलिमीटरचा असतो आणि वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या आसपास. सोनीच्या एक्सबी१३चा पडदा ४६ मिलिमीटरचा आणि वजन २५३ ग्रॅम, गो ३चे वजन २०९ ग्रॅम. चुंबक, बॅटरी आणि जाड कवच यांनी हे वजन भरते. त्यामुळे नामांकित कंपनीची नक्कल ओळखायलाही स्वयंपाकघरातला काटा उपयोगी पडतो. कंपनीच्या माहितीपत्रकातले वजन आणि काट्यावरचे वजन यांत चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक निघाला तर वस्तू परत करा.

टाळा: ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ वाचून हुरळून जाणे. पुष्कळदा हा आकडा ब्लूटूथवरून काय वाहून नेता येते त्याचा असतो, पडद्यातून काय बाहेर पडते त्याचा नसतो. गो ३च्या माहितीपत्रकात खालची मर्यादा ११० हर्ट्झ दिली आहे, आणि या आकाराला तेच साजेसे आहे. आता याचा अर्थ लावू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण १३८ हर्ट्झवर असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. ही तार या डब्यातून मूळ रूपात बाहेर येतच नाही, आणि तरीही आपल्याला ती ऐकू येते. कारण त्या तारेबरोबर १३८, २०७, २७६ हर्ट्झचे वरचे स्वरांश वाजत असतात आणि त्यांच्यावरून खालचा गळलेला स्वर मेंदू आपणच भरून काढतो. चांगला छोटा स्पीकर मेंदूच्या या सवयीवर विसंबून असतो. वाईट स्पीकर खर्ज दाखवायच्या हट्टाने शंभर-दीडशे हर्ट्झपाशी एक फुगवटा आणतो, आणि मग बायां असो, गिटार असो की निवेदकाचा आवाज, सगळ्याला एकच घुमारा चिकटतो. दुकानात त्यालाच ‘बास’ म्हणतात.

टाळा: ब्लूटूथच्या आवृत्तीसाठी जास्तीचे पैसे मोजणे. ५.० असो की ५.३, गाण्याच्या दर्जात त्याने फरक पडत नाही. २०१६च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली तेव्हा दुप्पट वेग आणि चौपट पल्ला यांचा गाजावाजा झाला. पण तो कमी वीज खाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीपुरता होता. या स्पीकरांत गाणी अजूनही बहुधा जुन्याच पद्धतीने जातात. एलडॅकसारख्या उच्च दर्जाच्या कोडेकचेही, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याच्या पद्धतीचेही, तसेच. ४५ मिलिमीटरच्या पडद्यावर तो फरक शोधत बसण्यात हशील नाही.

करा: बॅटरीचा साधा गुणाकार करा. खोक्यावर १२०० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर त्याला ३.७ व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. साडेचार वॅट-तासही भरत नाहीत. त्याच खोक्यावर ‘१० वॅट’ आणि ‘१० तास’ दोन्ही छापलेले असेल तर? पूर्ण दहा वॅटने वाजवला तर हा साठा अर्धा तासही पुरणार नाही, आणि दहा तास पुरवायचा तर अर्ध्या वॅटपेक्षा कमी ताकदीने वाजवावा लागेल. दोन्ही दावे सुटे सुटे पाहिले तर खरे असू शकतात. गाण्याची सरासरी ताकद कमीच असते आणि मध्यम आवाजाला अर्धा वॅट पुरतो. पण ते दोन्ही एकाच वेळी खरे नसतात, आणि खोके तुम्हाला नेमके तेच वाटायला लावते. कंपन्या तास मोजतात ते बहुधा मध्यम आवाजावर.

टाळा: रंगीत दिव्यांचे स्पीकर. दिवे बॅटरी खातात आणि रात्री झोपेच्या खोलीत डोळ्यांवर येतात. लहान मुलासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानात

करा: स्वतःच्या फोनवर, आधीच उतरवून ठेवलेली गाणी घेऊन जा. दुकानात नेट रडतखडत चालत असेल तर गाण्याचा दर्जाही घसरतो आणि दोष स्पीकरच्या माथी जातो. फोनमधला इक्वलायझर आणि आवाज ‘सुधारणारी’ जी काही सोय असेल ती बंद करा.

करा: पहिल्यांदा बोलणे ऐका, गाणे नंतर. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाचे एखादे ध्वनिमुद्रण या कामाला फार उत्तम, मग ‘म्हैस’ असो नाहीतर ‘असा मी असामी’. तिथे वाक्याइतकीच मधली थांबण्याची जागा महत्त्वाची असते, आणि स्वस्त स्पीकर नेमका त्या जागेत उघडा पडतो. काही स्पीकर शांतता आली की वीज वाचवायला आतला अँप्लिफायर झोपवतात आणि पुढच्या वाक्याचे पहिले अक्षर गिळतात. काहींची त्या शांततेत सूं सूं खरखर ऐकू येते. ‘च’, ‘छ’, ‘स’, ‘श’ यांच्याकडे लक्ष द्या. शिट्टीसारखे टोचत असतील तर वरचा आवाज मुद्दाम चढवलेला आहे, आणि एकमेकांत मिसळत असतील तर तो दबलेला आहे. बातम्या, पॉडकास्ट, कीर्तन ऐकणाऱ्याने बाकीच्या कसोट्या सोडल्या तरी चालतील, ही सोडू नये.

करा: मग गळा. भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. षड्जावर ठेवलेल्या आवाजाला छाती आहे का, की तो नळीतून आल्यासारखा वाटतो? नंतर किशोरी आमोणकरांचा भूप लावा आणि तार सप्तकात जाईपर्यंत थांबा. आवाज वर गेला की चिरका होतो का, कानाला बोचतो का, ते तिथे कळते. मागचा तानपुरा गळ्यापासून वेगळा ऐकू येतो का तेही पाहा. खर्जाची तार मूळ रूपात नसणार हे आपण धरून चाललो आहोत. पण जवारीची झणझण आली पाहिजे, ती वरच्या स्वरांशांत असते आणि या डब्याला ती झेपते.

करा: त्यानंतर ठेका. एखादी ढोलकीची लावणी लावा. ढोलकीची थाप कोरडी, नेमकी आणि लगेच थांबणारी असते. ती लांबत असेल, प्रत्येक थापेमागे ‘बुंव’ असा शेपूट येत असेल, तर डबा घुमतो आहे. घुंगरांची चाळ मोजकी आणि सुटी ऐकू यावी, नुसता झणकार नको. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणावर मात्र निवाडा करू नका. ढोल या आकारातून येणारच नाही, ताशा तेवढा येईल, आणि कुठलाही छोटा स्पीकर तिथे सारखाच वाईट वाटेल.

करा: शेवटी गर्दी. ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ पूर्ण आवाजात वाजवा. हे गाणे नाचाचे म्हणून नाही सुचवत. त्यात ठेका, कोरस आणि गळा एकाच वेळी अंगावर येतात, आणि छोट्या स्पीकरमधल्या आवाज आवरणाऱ्या यंत्रणेचा हात इथे पकडता येतो. प्रत्येक ठोक्याला गळा किंचित मागे जातो आणि परत येतो, असे वाटते का? म्हणजे खालच्या आवाजाला जागा करून द्यायला स्पीकर सगळाच आवाज दाबतो आहे. थोडे दाबणे सगळेच करतात. गाणे धापा टाकते आहे असे वाटले तर तो स्पीकर सोडा. आवाज फाटला, डब्याची जाळी किंवा बटण किणकिणले, तरी सोडा. पूर्ण आवाजाच्या दोन पायऱ्या खाली हेच दोष राहतात का तेही तपासा, कारण रोजचा वापर तिथवरच असतो.

करा: अगदी हळू आवाजातही ऐका. रात्री उशाशी ठेवून ऐकणाऱ्यांसाठी हीच खरी कसोटी आहे. काही स्पीकरांची सगळ्यात खालची पायरीसुद्धा झोपलेल्या घराला मोठी असते, आणि तिच्याखाली एकदम शून्य.

करा: दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. ही एक गोष्ट केली तर निम्मी फसगत टळते. किंचित मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. कमी आवाजात कान खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, आवाज वाढला की तेच सूर भरून आल्यासारखे वाटतात. त्यामुळे जो स्पीकर नुसता मोठा, तो सरस ठरतो. फोनवर डेसिबल मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्या, दोन्ही स्पीकर हातभर अंतरावर ठेवा, एकाच गाण्याच्या एकाच तुकड्यावर दोघांचा आकडा जुळवा, आणि मग डोळे मिटून ऐका. अ‍ॅपचा आकडा काटेकोर नसतो, पण तुलनेपुरता तो चालतो.

टाळा: दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर निवाडा. त्याचे गाणे त्या स्पीकरसाठी निवडलेले असते. त्यात त्याचे चुकतेय असे नाही, तो त्याचा धंदा करतो आहे.

टाळा: कोपऱ्यात किंवा काचेच्या मांडणीवर ठेवलेला स्पीकर तिथेच ऐकणे. भिंत आणि कोपरा खालचा आवाज वाढवतात. उचलून गल्ल्यावर मधोमध ठेवा. जमल्यास दाराबाहेर पायरीवर नेऊन ऐका. चार भिंती सुटल्या की यातले पुष्कळसे स्पीकर एकदम पोरके वाटतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो.

करा: त्याच्याभोवती फिरा. एकच पडदा असलेल्या स्पीकरचे वरचे सूर समोरच्या दिशेने जातात. बाजूला गेले की आवाज मंदावतो, बोलणे बोथट होते. पडदा छताकडे तोंड करून असेल तर आवाज चहूकडे सारखा पसरतो, पण कुठेच नीट टोकदार येत नाही. ओट्यावर ठेवून घरभर फिरणाऱ्याला दुसरा बरा, टेबलापाशी बसून ऐकणाऱ्याला पहिला.

करा: डावा-उजवा तपासा. एकच पडदा असेल तर त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून द्यायला हवा. जुन्या स्टिरिओ गाण्यांत कधी कधी गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला असतात. वायरने जोडल्यावर एखादा स्वस्त स्पीकर एकच बाजू उचलतो आणि अर्धे गाणे गायब होते.

करा: बटणे न बघता दाबून पाहा, आणि चालू-बंद करताना तो काय बोलतो ते ऐका. ‘द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टु पेअर’ ही घोषणा काही स्पीकर पहाटे पाच वाजता सबंध वाडा जागा होईल अशा खणखणीत आवाजात करतात, आणि गाण्याचा आवाज कमी केला तरी तिचा होत नाही. रियाजाला पहाटे बसणाऱ्यांनी यावरूनच एखादा स्पीकर नाकारला तर त्यांना हसू नये.

करा: खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी शोधा. ब्लूटूथ स्पीकर सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. ‘आर-’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक खोक्यावर किंवा स्पीकरच्या बुडाशी असतो. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते कळते. क्रमांकच नाही, किंवा नाव भलतेच निघाले, तर वस्तू ठेवून द्या. आत लिथियम बॅटरी आहे, रात्रभर घरात चार्जिंगला लागणार आहे, हे लक्षात असू द्या. निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमतही छापलेली हवी. दीड-दोन वर्षे खोक्यात पडून राहिलेल्या स्पीकरची बॅटरी आधीच थोडी खालावलेली असते.

टाळा: बिलाशिवाय खरेदी. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात तापकीर गल्ली, घासाघीस मनसोक्त करा, पण पक्के बिल घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची हे त्यावर लिहून घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपण्याआधी

करा: बॅटरी तुमच्या आवाजावर मोजा. पूर्ण चार्ज करा, रोज ऐकता तेवढ्याच मोठ्याने लावून ठेवा आणि वेळ टिपा. खोक्यावरच्या तासांच्या दोन तृतीयांश मिळाले तरी समाधान माना, निम्म्याहून कमी मिळाले तर परत करा. शेवटच्या अर्ध्या तासात आवाज आपोआप बसतो का, ‘बॅटरी लो’ची हाकाटी दर दोन मिनिटांनी होते का, हेही याच वेळी कळेल.

करा: भिंतीआड आणि पाठीआड तपासा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तिथेच वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. हा पट्टा पाण्यात शोषला जातो, आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाणीच आहे. म्हणून फोन मागच्या खिशात ठेवून पाठ वळवली की काही स्पीकर लगेच अडखळतात. मोकळ्यावर दहा मीटर चालणारा स्पीकर विटांच्या एका भिंतीनंतर चालतो का ते तुमच्याच घरात बघा, दुकानात ते कळणार नाही. मायक्रोवेव्ह चालू असताना ओट्यावरच्या स्पीकरची परीक्षा घ्यायला विसरू नका.

करा: सिनेमा लावून ओठ आणि शब्द जुळतात का पाहा. ब्लूटूथवर आवाज साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद मागे राहतो. व्हिडिओची बरीच अ‍ॅप चित्र तेवढे मागे ठेवून हे झाकतात, खेळांत आणि काही टीव्हींवर ते झाकले जात नाही. फोनवरच्या पेटीच्या अ‍ॅपवर सूर दाबून वाजवणाऱ्याला तर हा उशीर वेड लावतो. तानपुरा-तबल्याच्या अ‍ॅपला मात्र काही फरक पडत नाही, कारण सगळेच एकत्र उशिरा येते आणि आपण त्याच्याबरोबर गातो. वायरने जोडायची खाच असलेला स्पीकर मिळाला तर हा प्रश्नच मिटतो, पण नव्या स्पीकरांत ती खाच कमी होत चालली आहे.

करा: चार्जिंग दोन वायरींनी तपासा. टाइप-सी खाच असूनही काही स्वस्त स्पीकर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत. आतले दोन लहानसे रोधक वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला पलीकडे काही जोडले आहे हे कळतच नाही. खोक्यातली जुन्या पद्धतीची वायर लावली की बिनतक्रार चालते. घरातले सगळे चार्जर नव्या पद्धतीचे असतील तर हा दोष रोजचा ताप होतो.

करा: शेजाऱ्याचा फोन जोडून बघा, तोही त्याला विचारून. काही स्पीकर चालू होताच ज्याने पहिली हाक दिली त्याच्याशी, कसलाही कोड न विचारता जोडले जातात. इमारतीत तोच स्पीकर आणखी दोघांकडे असेल तर भलत्याच घरातला अभंग भलत्याच घरात वाजतो.

टाळा: स्पीकरवर फोन घेता येतो म्हणून तो कामाच्या बैठकांना वापरणे. या किमतीतला माइक आई-वडिलांशी बोलण्यापुरता ठीक असतो.

टाळा: उघड्या लाकडी टेबलावर, कपाटाच्या वर वगैरे ठेवून मग आवाजाला नावे ठेवणे. हात फिरवा. पृष्ठभाग थरथरत असेल तर खाली दुमडलेला रुमाल घाला. आवाज पातळ वाटत असेल तर भिंतीजवळ सरकवून बघा. फुकटात मिळणारा खर्ज तेवढाच.

पाऊस, समुद्र, ऊन

करा: आयपीचे अंक नीट वाचा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि ‘एक्स’ म्हणजे ती परीक्षा घेतलेली नाही किंवा सांगितलेली नाही. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार चालेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. यातली गंमत अशी की सातवाल्याला पाचची परीक्षा द्यावीच लागते असे नाही. बादलीत बुडून वाचलेला स्पीकर नळाच्या जोरदार धारेखाली टिकेलच याची हमी नाही. आयपी६७ असेल तर धुळीपासूनही पूर्ण बचाव. गो ३ आणि एक्सबी१३ दोन्ही त्या श्रेणीचे आहेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात न्हाणीघर आणि गॅलरीपुरते आयपीएक्स५ पुरते, ट्रेकला नेणाऱ्याने आयपी६७च्या खाली जाऊ नये.

टाळा: समुद्राच्या पाण्याला हीच हमी लागू आहे असे समजणे. या परीक्षा गोड्या पाण्यात होतात. खारे पाणी चार्जिंगच्या खाचेतल्या पट्ट्या गंजवते. लाटेत पडलाच तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, खाच खाली करून पूर्ण सुकू द्या, आणि सुकल्याखेरीज वायर लावू नका. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणखी एक पीडा आहे. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि स्पीकरच्या पडद्यामागे बसले आहे चुंबक. वाळूवर ठेवलेल्या स्पीकरच्या जाळीला हे कण चिकटतात आणि पुसून निघता निघत नाहीत. पिशवीवर, चटईवर ठेवा.

टाळा: मे महिन्यात बंद गाडीत सोडून जाणे. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना तर हे दोनदा सांगावे. तापलेला स्पीकर लगेच चार्जिंगला लावणे त्याहून वाईट.

करा: महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. शून्यावर ठेवून विसरलेले स्पीकर दिवाळीला बाहेर काढल्यावर पुष्कळदा उठत नाहीत.

दुसऱ्यांचे कान

टाळा: बस, लोकल, गड-किल्ले. बेस्टने २०२३मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर मोठ्याने काही लावायला मनाई केली, आणि ती फार आधी व्हायला हवी होती. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा ऐकायला आलेल्यांना तुमची यादी ऐकायची नसते. तंबूत, आपल्यापुरते, हळू आवाजात लावा. त्यावर कुणी हरकत घेत नाही.

करा: गॅलरीत वाजवताना घड्याळ बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. तुमच्या डेसिबलच्या अ‍ॅपचा इथेही उपयोग होतो. छोटा स्पीकर जवळून सहज ऐंशीच्या पुढे जातो.

निरोप देताना

करा: कवच फुगले, शिवण उकलली किंवा बटण आपोआप वर आले, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. चार्जिंग त्याच क्षणी बंद करा, उघडायला जाऊ नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

टाळा: तो ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणे. कचरागाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा पालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या. स्पीकर नुसता जुना झाला असेल, बॅटरी तासभरच टिकत असेल, तर मात्र घाई नको. वायर लावून वाजत असेल तर ओट्यावर बातम्यांना तो अजून बरीच वर्षे चालेल.